जिन बाईलाच का धरतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गासाठी मी तुर्कस्तानातल्या भुताखेतांच्या सिनेमांचा विषय घेतला, हे कळल्यावर काही जणींच्या कपाळाला आठ्या पडल्या. पोटगीचे दावे आहेत, मारहाणीच्या तक्रारी आहेत, रेशनकार्डावर नाव नाही म्हणून खेटे घालणाऱ्या बायका आहेत. एवढं समोर असताना हे काय मध्येच, असं वाटणं साहजिक आहे. माझं कारण साधं आहे. वस्तीतल्या किशोरी गटातल्या मुली हे सिनेमे बघतात. कुणी हिंदीत आवाज दिलेले बघतं, कुणी दहा-पंधरा मिनिटांत हिंदीतून गोष्ट सांगणाऱ्या फिती बघतं. रात्री पांघरुणात मोबाइल धरून बघायचं आणि दुसऱ्या दिवशी गटात येऊन विचारायचं, "ताई, हे खरं असतं का?" या प्रश्नाला "काही नसतं गं, झोपा निवांत" हे उत्तर पुरत नाही. मुलींना जे दिसलंय ते पूर्ण खोटं नाही, हे त्यांना आतून कळत असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. या सिनेमांत बाईचं दुःख बऱ्याचदा अगदी खरं दाखवलेलं असतं. गुन्हेगार मात्र चुकीचा पकडलेला असतो. आणि गुन्हेगार चुकीचा पकडला की गुन्हा थांबत नाही. म्हणून त्या सिनेमांना दुसरा भाग लागतो, तिसरा लागतो, सातवा लागतो.

हे सिनेमे आहेत तरी काय?

तुर्कस्तानात भयपट पूर्वी फार निघत नसत. १९५३ साली 'द्राकुला इस्तंबुलदा' म्हणजे 'इस्तंबूलमधला ड्रॅक्युला' निघाला. १९७४ साली मेतीन एर्कसान या नामवंत दिग्दर्शकाने 'शेयतान' काढला. हा एर्कसान साधासुधा नव्हे. पाण्याच्या हक्कावरच्या भांडणाचा त्याचा 'सुसुझ याझ' हा सिनेमा १९६४ साली बर्लिनला सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला होता. 'शेयतान' हा अमेरिकन 'एक्झॉर्सिस्ट'चा जवळजवळ प्रसंगागणिक केलेला तुर्की अवतार. कॅथलिक धर्मगुरूंच्या जागी इमाम आला आणि शेवटी बरी झालेली मुलगी मशिदीत जाते.

खरी लाट आली ती २००४ नंतर. 'ब्यूयू', म्हणजे करणी, त्या वर्षी आला. २००६ साली हसन काराजादा या दिग्दर्शकाचा 'दाब्बे' आला आणि २०१५ पर्यंत त्याचे सहा भाग झाले. आल्पेर मेस्तची या दिग्दर्शकाने २००७ मध्ये 'मुसल्लत' काढला, २०११ मध्ये त्याचा दुसरा भाग. २०१४ मध्ये त्याने 'सिज्जीन' सुरू केला. २०१९ पर्यंत दरवर्षी एक याप्रमाणे सहा भाग निघाले, आणि सातवा २०२४ मध्ये आला. २०२३ साली इंडोनेशियात पहिल्या 'सिज्जीन'ची नक्कलही निघाली.

या नावांपैकी बरीचशी कुराणातून घेतलेली आहेत. 'दाब्बे' म्हणजे कयामतीच्या आधी जमिनीतून निघणारा प्राणी. 'सिज्जीन' म्हणजे पापी लोकांच्या कर्मांची नोंद जिथे असते ते. भूत हा शब्द मी आपल्या सोयीसाठी वापरते आहे. तिथे भीती असते जिनांची. जिन म्हणजे मेलेल्या माणसाचा आत्मा नव्हे, आगीपासून निर्माण झालेली, न दिसणारी वेगळीच जात. तुर्की लोक त्यांचं नाव घ्यायला बिचकतात. 'जिन' हा शब्द तुर्कीत तीन अक्षरांनी लिहितात, म्हणून 'तीन हर्फांचे' असं म्हणून वेळ मारून नेतात. आपल्याकडे रात्री सापाला साप न म्हणता 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणतात, तसंच. २०१० साली तर 'तीन हर्फांचे' याच नावाचा सिनेमा निघाला.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगते. हा विषय घेण्यामागे एखाद्या धर्माला नावं ठेवण्याचा हेतू अजिबात नाही. आपल्याकडे जखीण आहे, हडळ आहे, सटवाई आहे, अंगात येणं आहे, करणी-भानामती आहे. नावं बदला, घर तेच राहतं. दुसऱ्याच्या घरातलं कधी कधी जास्त स्पष्ट दिसतं, एवढ्यासाठी मी दुसऱ्याचं घर निवडलं.

जिन कोणाला धरतो?

आता गोष्टी बघू. चारच घेते.

पहिली २०१३ च्या 'दाब्बे'ची. क्युब्रा नावाची मुलगी. तिच्या लग्नाआधीची मेंदीची रात्र. तुर्कस्तानात ही रात्र बायकांची असते. नवरीला लाल ओढणीखाली बसवतात, हातावर मेंदी ठेवतात आणि माहेर सुटण्याची गाणी म्हणून तिला मुद्दाम रडवतात. नवरी रडली नाही तर चुकल्यासारखं वाटतं. आपल्या पाठवणीच्या वेळी घरोघर हेच होतं, तेव्हा वेगळं समजावून सांगायला नको. त्या रात्री क्युब्राला जिन धरतो आणि ती आपल्या होणाऱ्या नवऱ्याचा जीव घेते. पुढचा सगळा सिनेमा तिच्या अंगातला जिन काढण्याचा. या मुलीला हे लग्न करायचं होतं का, हा प्रश्न मात्र कुणाच्या मनात येत नाही. रडण्याची परवानगी असलेल्या एकमेव रात्री ती रडण्याच्या पलीकडे जाते, आणि घरादाराला त्याचं एकच स्पष्टीकरण सुचतं.

दुसरी गोष्ट 'मुसल्लत'ची. ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सुआत आणि नुरजान यांचं लग्न होतं आणि सुआत पैसे मिळवायला जर्मनीला जातो. १९६१ साली पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार नेण्याचा करार केला, तेव्हापासून लाखो माणसं तिकडे गेली. त्यांत बायकाही होत्या, पण गावोगाव मागे राहिलेल्या बायकांची संख्या मोठी होती. सासू-सासरे सांभाळायचे, पत्राची वाट पाहायची, वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाशी संसार करायचा. आपल्या कोकणात मुंबईच्या गिरणीत गेलेल्यांच्या बायकांनी दुसरं काय केलं? तर या सिनेमात एका जिनाचं नुरजानवर मन बसलेलं असतं. तो सुआतला तिकडे अडवून धरतो आणि स्वतः सुआतचं रूप घेऊन तिच्याकडे येतो. तिला वाटतं, नवरा परत आला. दिवस राहतात, आणि बाळंतपणात तिचा भयंकर अंत होतो.

आता सिनेमा बाजूला ठेवा आणि हे वाक्य ऐका: "ताई, रात्री जो येतो तो माझा नवराच नसतो." सल्लाकेंद्रावर बसणाऱ्या आपल्यापैकी कुणी हे वाक्य ऐकलेलं नाही? दिवसा बरा असतो, रात्री दारू पिऊन येतो तो वेगळाच कुणीतरी असतो, असं सांगणाऱ्या बायका आपल्याकडे येतात. जबरदस्ती झाली असं म्हणायला त्यांच्याकडे शब्द नसतो, कारण नवऱ्याने केलेल्या गोष्टीला जबरदस्ती म्हणायचं कुणी शिकवलेलंच नसतं. तुर्कस्तानात २००५ पासून लागू झालेल्या नव्या दंडसंहितेत नवऱ्याने केलेला बलात्कार हा बायकोच्या तक्रारीवरून गुन्हा ठरतो. आपल्याकडे २०२३ मध्ये नवी न्यायसंहिता झाली, तरी त्यातही नवऱ्याला दिलेली सूट तशीच ठेवली गेली. म्हणजे आपल्या कायद्याच्या पुस्तकात जे नाही, ते आपल्या बायका भुताच्या भाषेत सांगतात. सिनेमाने तीच भाषा उचलली. फक्त नवऱ्याला निर्दोष सोडून दिलं आणि जिनाला उभं केलं.

तिसरी गोष्ट २००६ च्या 'आराफ'ची. एक तरुण नर्तकी, विवाहित पुरुषाशी संबंध, त्यातून दिवस राहणं आणि गर्भपात. पुढे तिचं दुसऱ्याशी लग्न होतं आणि न जन्मलेलं मूल तिच्या मागे लागतं. तो विवाहित पुरुष? त्याच्या मागे लागण्याची त्या मुलाला गरज वाटत नाही! तुर्कस्तानात १९८३ च्या कायद्याने दहा आठवड्यांपर्यंत गर्भपाताचा हक्क आहे, पण विवाहित बाईला नवऱ्याची संमती लागते. २०१२ साली सरकारने हा हक्क आणखी आवळायची भाषा केली तेव्हा बायका हजारोंनी रस्त्यावर आल्या आणि ते विधेयक बारगळलं. कायदा वाचला, तरीही अनेक सरकारी दवाखान्यांतून नकार मिळतो, अशी तिथल्या स्त्री-संघटनांची तक्रार आहे. कायदा न बदलता बाईला अडवायचं असेल तर तिच्या मनात अपराधीपणा पेरणं हा स्वस्तातला उपाय. आपल्याकडे १९७१ पासून कायदा आहे, सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही. तरी किती ठिकाणी सही मागतात, आणि किती बायका वर्षानुवर्षं "माझ्या हातून पाप झालं" म्हणत राहतात, हे आपण रोज बघतो.

चौथी गोष्ट २०१५ च्या 'सिज्जीन'च्या दुसऱ्या भागाची. हिजरान आणि अदनान यांचं लहान मूल घरातल्या अपघातात दगावतं. अदनान बायकोला दोष देतो. तिला घरात भास होऊ लागतात आणि मग जुन्या शापाचा शोध सुरू होतो. मूल गेलेल्या आईला भास होणं यात अलौकिक काय आहे? तिची झोप गेलेली, दूध अजून आटलेलं नसेल, आणि ज्याने जवळ घ्यायचं तोच बोट दाखवतोय.

नवरी, मागे राहिलेली बायको, गर्भपात केलेली मुलगी आणि मूल गमावलेली आई. जिन यांनाच का धरतो? कारण या चौघी अशा उंबरठ्यावर उभ्या आहेत जिथे समाजाची बाईवर सगळ्यात करडी नजर असते. तुर्की लोकसमजुतीत 'अल कारसी' नावाची एक बाई आहे, ती ओल्या बाळंतिणीचं काळीज काढून नेते असं मानतात. म्हणून बाळंतिणीला लाल फीत बांधतात आणि चाळीस दिवस एकटं सोडत नाहीत. आपली सटवाई, पाचवीची पूजा, बाळंतिणीच्या उशाखाली ठेवलेला कोयता आठवा. बाळंतरोगाने बायका पटापट मरत होत्या तेव्हा भीतीला रूप हवं होतं, ते असं मिळालं. भीती खोटी नव्हती. सोबत द्यायची, एकटं सोडायचं नाही, हा त्यातला शहाणपणाचा भाग आपण आजही ठेवावा. काळीज नेणारी बाई मात्र आपण ओळखतो. तिचं नाव जंतुसंसर्ग, रक्तक्षय आणि वेळेवर न आलेली गाडी.

करणी करणारी कोण?

या सिनेमांत ज्यांना धरतात त्या बायका, आणि धरायला लावतात त्याही बायकाच. पहिल्या 'सिज्जीन'मध्ये ओझ्नुर नावाची तरुणी आहे. तिचं लहानपणापासून आतेभाऊ-मामेभावाच्या नात्यातल्या कुद्रेतवर प्रेम. कुद्रेतचं निसाशी लग्न झालेलं, मुलगी आहे. निसाचा काटा काढण्यासाठी ओझ्नुर करणी करवते आणि सगळं घर त्यात होरपळतं.

या गोष्टीचा नीट विचार करा. दोन बायकांच्या मध्ये एक पुरुष आहे. करणी झाल्यावर शिक्षा कुणाला? निसाला, तिच्या घरातल्यांना आणि ओझ्नुरला. कुद्रेतने कुणाला काय आशा लावली होती, बायकोशी तो कसा वागत होता, या प्रश्नांवर गोष्ट उभी राहत नाही. ती उभी राहते बाईच्या मत्सरावर. 'बाईच बाईची शत्रू' हे आपल्याला पाठ झालेलं वाक्य तुर्कीतही तितकंच लोकप्रिय दिसतं. सिनेमात ते पडद्यावरच राहतं. आपल्याकडे मात्र 'चेटकीण' ठरवून बाईला गावाबाहेर काढतात, मारतात, तिची जमीन घेतात.

आणि करणी विकणारा? तो बहुतेक वेळा पुरुष. तुर्कस्तानात १९२५ साली, प्रजासत्ताक नवं असतानाच, दर्ग्यांचे मठ बंद करणारा कायदा झाला. त्यात भविष्य सांगणं, जादूटोणा, फुंकर घालून आजार बरा करणं आणि इच्छापूर्तीचे ताईत लिहून देणं यांवरही बंदी आली. म्हणजे आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कितीतरी आधी. आपल्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं झगडा दिला, २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा पुण्यात खून झाला आणि त्यानंतर डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणं, मारणं हा त्याखाली गुन्हा आहे. कुणी करणी करते असं जाहीर करून तिचं जगणं अवघड करणं हाही गुन्हा आहे. कार्यकर्त्यांनी ही कलमं तोंडपाठ ठेवावीत. पण तुर्कस्तानचा अनुभव हेही सांगतो की जवळजवळ शंभर वर्षं बंदी असूनही ताईत लिहिणारा होजा गेला नाही. कायद्याने दुकान बंद होतं, पण गिऱ्हाईक का येतं हे बघायचं काम उरतंच. जिला पोलीस चौकीत दाद नाही, माहेरी जागा नाही आणि हातात पैसा नाही, ती शेवटी ताईताकडे जाते. ओझ्नुरकडे कुद्रेतशी किंवा घरच्यांशी उघड बोलण्याची सोय असती तर ती मांत्रिकाकडे गेली असती का, हे आपण मुलींना विचारायला हवं.

सोडवणारा कोण?

२०१३ च्या 'दाब्बे'त एब्रू नावाची मनोविकारतज्ज्ञ आहे. शिकलेली, एकटी, हातात कॅमेरा. जिन काढणारे लोकांना फसवतात हे दाखवून द्यायला ती निघते. तिच्याबरोबर फारूक नावाचा जिन काढणारा असतो. शेवटी हार कुणाची होणार हे आपण ओळखलंच असेल. 'शेयतान'पासून हेच चालत आलंय. डॉक्टर तपासतात, यंत्रं लावतात, कपाळाला हात लावतात, आणि मग जाणता पुरुष येतो. मी नावं घेतलेले हे दिग्दर्शकही सारे पुरुषच आहेत.

मला इथे विज्ञान विरुद्ध श्रद्धा असा सरधोपट वाद घालायचा नाही. मनोविकारतज्ज्ञाने गोळी देऊन बाईला त्याच घरात परत पाठवलं, तर त्याने होजापेक्षा वेगळं काय केलं? दोघांनीही बिघाड बाईत आहे असंच ठरवलं. एकाने तिच्यातला जिन काढला, दुसऱ्याने तिच्यातला आजार काढला. घराला कुणी तपासलं नाही. औषधाची गरज असते तेव्हा ते द्यायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण चिठ्ठी लिहिण्याआधी "घरी कोण कोण आहे, मारहाण होते का, रात्री झोपायला सुरक्षित जागा आहे का" हे विचारलंच पाहिजे.

अंगात येण्याकडेही आपण जरा वेगळ्या नजरेने पाहू. एरवी सासऱ्यापुढे मान वर न करणारी सून अंगात आल्यावर त्याला अरे-तुरे करते, हवं ते खायला मागते, मनातलं ओरडून सांगते. क्युब्रा तिच्या बदललेल्या आवाजात जे बोलते ते तिच्या स्वतःच्या आवाजात कुणी ऐकून घेतलं असतं का? ज्या समाजात बाईचं बोलणं ऐकलं जात नाही, तिथे जिनाचं ऐकलं जातं. म्हणून "ढोंग करते" असं म्हणून आपण तिला झिडकारू नये आणि "देवीच आली" म्हणून पायाही पडू नये. ती काय सांगते आहे ते ऐकावं, आणि तेच तिला शुद्धीवर असताना, स्वतःच्या नावाने बोलता येईल अशी जागा द्यावी. आपली केंद्रं त्यासाठीच आहेत.

दुसरा भाग का निघतो?

आता मूळ मुद्द्याकडे येते. या मालिकांचं एक वैशिष्ट्य म्हणजे 'सिज्जीन'च्या पुढच्या भागांत बहुतेक वेळा आधीचीच माणसं पुढे येत नाहीत. नवं कुटुंब, नवं घर, नवी बाई. तरी त्याला भाग दोन, भाग तीन म्हणायचं. धंद्याचा हिशेब त्यात आहेच. घरातल्या घरात चित्रीकरण, मोठे नट नाहीत, खर्च कमी, नाव ओळखीचं असलं की तिकीट खपतं. पण प्रेक्षकाला हे का पटतं? माणसं वेगळी असूनही गोष्ट तीच पुढे चालू आहे असं त्याला का वाटतं? कारण ती खरोखरच तीच असते.

आपल्या कपाटातल्या फायली आठवा. बाई येते, आपण तक्रार लिहून घेतो. नातेवाईक जमतात, "पुन्हा असं होणार नाही" असं कागदावर लिहितात, आपण सही घेतो आणि प्रकरण मिटलं म्हणून शेरा मारतो. आठ महिन्यांनी तीच येते, नाहीतर तिच्या शेजारची येते, नाहीतर त्याच घरातली धाकटी जाऊ येते. नाव बदललेलं, मजकूर तोच. सिनेमात होजा जिनाला पळवून लावतो आणि घर तसंच ठेवतो. लग्नाला नाही म्हणता न येणं तसंच, रात्री दार उघडावंच लागणं तसंच, मूल गेलं तर आईलाच विचारणं तसंच. मग जिनाला पुन्हा यायला काय हरकत आहे? तो शेजारच्या घरात शिरतो. त्यालाच दुसरा भाग म्हणतात.

सगळेच भयपट असे नसतात, हेही सांगायला हवं. तुर्कस्तानातच २००६ साली यामुर आणि दुरुल या तायलान बंधूंनी 'क्यूच्यूक कियामेत' म्हणजे 'छोटी कयामत' काढला. १७ ऑगस्ट १९९९ च्या भूकंपात तिकडे सरकारी आकड्यांनुसारच सतरा हजारांवर माणसं गेली. त्या भूकंपाची धास्ती घेतलेल्या एका बाईची आणि तिच्या कुटुंबाची ती गोष्ट आहे. तिथे जिनावर काही ढकललेलं नाही. माणसाला खरोखर कशाची भीती वाटते तिथेच सिनेमा थांबतो. आपल्या मराठीतही २०१७ चा 'लपाछपी' आहे. उसाच्या फडातल्या एकाकी घरात गरोदर बाईला भुतं दिसतात, आणि त्या भुतांच्या मागे मुलींचा जीव घेणारी घरचीच माणसं उभी आहेत हे हळूहळू उघड होतं. त्यावरून हिंदीत 'छोरी' निघाला, त्याचा दुसरा भागही २०२५ मध्ये आला. म्हणजे भयपटाला बोट दाखवता येतं. कुणाकडे दाखवायचं एवढाच प्रश्न आहे.

तिथल्या बायकांनी काय केलं?

सिनेमे पाहून तुर्की बाई म्हणजे किंचाळणारी, जमिनीवर लोळणारी, असं चित्र मुलींच्या मनात राहायला नको. म्हणून हेही त्यांना सांगू या. १९८७ साली एका न्यायाधीशाने मार खाणाऱ्या गरोदर बाईला घटस्फोट नाकारला आणि आधार दिला तो एका म्हणीचा. बाईच्या पाठीवरची काठी आणि पोटातलं पोर कमी होऊ देऊ नये, अशा अर्थाची ती म्हण. त्यावर १७ मे १९८७ रोजी इस्तंबूलमध्ये बायकांनी मारहाणीविरुद्ध मोर्चा काढला. त्यातून पुढे १९९० साली 'मोर चाती' म्हणजे 'जांभळं छप्पर' ही संस्था उभी राहिली. मार खाणाऱ्या बायकांसाठी आसरा, बायकांनी चालवलेला. २०१२ साली घरगुती हिंसेविरुद्धचा ६२८४ क्रमांकाचा कायदा झाला. स्त्रियांवरील हिंसा रोखण्यासाठीचा युरोपीय करार २०११ मध्ये इस्तंबूलमध्येच सह्यांसाठी खुला झाला आणि त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश तुर्कस्तानच होता. त्याच देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी २० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीच्या फर्मानाने त्यातून अंग काढून घेतलं. १ जुलैपासून ते लागू झालं. बायका पुन्हा रस्त्यावर उतरल्या.

स्त्रियांच्या हत्या थांबवण्यासाठी २०१० पासून काम करणारा एक मंच तिथे दर महिन्याला मृत बायकांची मोजणी प्रसिद्ध करतो. त्याच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये पुरुषांकडून मारल्या गेलेल्या बायका ३९४. त्याखेरीज आणखी एक रकाना आहे, 'संशयास्पद मृत्यू'. त्यात २५९. सज्जातून पडली, खिडकीतून पडली, कशी ते कळलं नाही. आपल्याकडे एके काळी 'स्टोव्हचा भडका' असाच एक रकाना होता, आणि वर पोलिसांचा शिक्का 'अकस्मात मृत्यू'. सिनेमात न दिसणारी शक्ती बाईला उचलून भिंतीवर आपटते. त्या मोजणीत अशी शक्ती नाही. तिथल्या बायका प्रत्येक रकान्यापुढे विचारतात, घरात त्या वेळी कोण होतं?

मला वाटतं, मुलींच्या हाती हाच प्रश्न द्यावा. हे सिनेमे बघू नका असं सांगून त्या थांबणार नाहीत, आणि थांबवायची गरजही नाही. पुढच्या महिन्यात मोठ्या मुलींच्या गटात आपण 'मुसल्लत'ची गोष्ट एकत्र बोलू. तीन प्रश्न ठेवू. जिन यायच्या आधी या बाईच्या आयुष्यात काय चाललं होतं? तिने ते कुणाला सांगितलं, आणि त्याने काय केलं? सिनेमा संपल्यावर घरातलं काय बदललं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'काहीच नाही' असं येईल. तिथे मुली गप्प होतील. त्या गप्प बसण्यातून एखादी उठून सांगेल की तिच्या ताईलाही असंच काहीतरी "लागलंय". तेव्हा आपण घाई करायची नाही. ताई कुठे दिलीय, घरी कोण कोण आहे, शेवटचा फोन कधी आला, ती माहेरी येऊ शकते का, हे विचारायचं, लिहून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी दोघींनी त्या घरी जायचं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.